स्मार्ट मुलगा, स्मार्ट मीटर, स्मार्ट सिटी: हा शब्द नेमका आहे तरी काय?

महालातला डीटीपीवाला

नमस्कार मंडळी. नागपूरच्या महाल भागात आपलं डीटीपीचं छोटं दुकान आहे. तुळशीचं लग्न लागलं की आमचा सीझन सुरू. पत्रिका नंतर, आधी बायोडेटा. उंची, शिक्षण, देवक, मामेकुळ, अपेक्षा हे सगळं ठरलेलं असते. गाडी अडते ती 'व्यक्तिमत्त्व' या रकान्यात. तिथं बहुतेक जण एकच शब्द सांगतात: स्मार्ट.

परवा एक काका मुलाचा बायोडेटा करायला आले. मी विचारलं, "काका, स्मार्ट म्हणजे दिसायला का डोक्यानं?" काका म्हणाले, "एका शब्दात दोन्ही येऊन राहिलं न भाऊ, मग राहू दे की." त्यांच्या मागं एक मावशी भाचीचा कागद घेऊन उभ्या होत्या. त्यावर मुलीनं स्वतःच्या अक्षरात 'स्मार्ट' लिहिलं होतं. मावशीनं माझ्या काउंटरवरचा बॉलपेन उचलला आणि सरळ खोडलं. "पोट्टी स्मार्ट आहे म्हटलं की लोक समजतात तोंडाची फटकळ आहे. मनमिळाऊ टाका."

एकच शब्द, पोराच्या कागदावर चालला, पोरीच्या कागदावर नाही. इंग्रजीत याचा मूळ अर्थ काय? आणि मराठीत त्याऐवजी काय लिहावं? इथं मास्तर लोक बरेच आहेत म्हणून विचारून राहिलो.

सीताबर्डी लोकल

लिहून टाक ना बे स्मार्ट. गिऱ्हाईक पैसे देते, तू कायले डोकं लावून राहिला?

निवृत्त मास्तर

डीटीपीवाले, त्या मावशींचं इंग्रजी काकांपेक्षा पक्कं आहे.

हा शब्द निघाला दुखण्यातून. हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत स्मार्ट हे विशेषण फटक्याला, जखमेला लावत. झोंबणारा, चरचरणारा असा त्याचा अर्थ. क्रियापदात तो आजही जिवंत आहे. 'माय आइज आर स्मार्टिंग' म्हणजे डोळे चुरचुरताहेत. चारचौघांत अपमान झाला आणि माणूस घरी जाऊनही आतल्या आत जळतो आहे, तर त्यालाही इंग्रज 'स्मार्टिंग' म्हणतो.

आता झोंबणारा फटका कसा बसतो? झटक्यात. तिथून अर्थ सरकला: चपळ, झपझप. 'अ स्मार्ट पेस' म्हणजे झपाझप चाल. जुना साहेब पट्टेवाल्यावर 'लुक स्मार्ट!' असं ओरडायचा, तेव्हा त्याला 'आटप लवकर' एवढंच म्हणायचं असे. पट्टेवाला बिचारा टोपी सरळ करत असेल तर गोष्ट वेगळी. मग ती चपळाई जिभेवर आली, म्हणजे झोंबेल असं पटकन बोलणारा. सतराव्या शतकात डोक्यात शिरली आणि अठराव्या शतकात अंगावरच्या कपड्यांत.

इथून पुढं इंग्लंड आणि अमेरिका यांची फारकत झाली. इंग्लंडात आजही स्मार्ट म्हटलं की आधी टापटीप कपडे डोळ्यांपुढं येतात. बुद्धीसाठी ते लोक क्लेव्हर वापरतात. अमेरिकेत स्मार्ट म्हणजे आधी बुद्धिमान, कपडे मळके असले तरी चालतात. आपण इंग्रजी घेतलं इंग्रजांकडून. त्यामुळं आजोबांच्या तोंडचा 'स्मार्ट' म्हणजे सूट घालून सायकलवर निघालेला बाबू. नातवाच्या तोंडचा 'स्मार्ट' अमेरिकेहून आला, फोनच्या डब्यात बसून. तुमच्या दुकानातल्या काकांना दोन्ही पाहिजे होते.

तोंडाची फटकळ हा मावशींचा अर्थ मात्र या दोन्हींहून जुना आहे.

सीताबर्डी लोकल

मास्तर, मग आमचं पोट्टं परीक्षेत 'माय ब्रदर इज स्मार्ट' लिहून आलं, त्याचा अर्थ 'माझा भाऊ झोंबतो' असाही होते का? कारण तो झोंबतोच.

रॉटरडॅमची वैदर्भी

नमस्कार, मूळची सक्करदऱ्याची, सध्या नेदरलँड्समध्ये.

मास्तरांनी सांगितलेला दुखण्याचा अर्थ इथं रोज वाचायला मिळतो. डच भाषेत 'स्मार्ट' म्हणजे आजही दुःख, वेदना. इथल्या वर्तमानपत्रात निधनाच्या जाहिरातीत लिहितात, 'डीपं स्मार्ट', म्हणजे अत्यंत दुःखानं कळवतो की. नवीन आले तेव्हा मला वाटायचं, गेलेल्या आजोबांना स्मार्ट काय म्हणून राहिले! रडक्या प्रेमगीतांचा एक प्रकार आहे, त्याला म्हणतात 'स्मार्टलॅप'. आणि एक म्हण: वाटून घेतलेलं 'स्मार्ट' अर्धं होतं. जर्मनमधला 'श्मेर्झ' हाही याच घरातला, अर्थ वेदनाच.

म्हणजे तीन सख्ख्या भाषा. दोघींकडं दुःख दुःखच राहिलं, इंग्रजीनं मात्र त्याला सूट घातला.

कळमन्याचा मिरचीवाला

मास्तर, ताई, राम राम. आम्ही मिरचीच्या धंद्यातले. इंग्रजी आपल्याले येत नाही, पण झोंबणं येते.

फेब्रुवारी-मार्चात या कधी कळमन्याच्या बाजारात. भिवापुरी मिरचीची बोरी फोडली की आधी खोकला येते, मंग डोळे. बाया तोंडावर ओढणी दोन पदरी बांधून डेठ तोडतात, तरी डोळ्याच्या कोपऱ्यात चुणचुण राहतेच. हात धुतले तरी रात्री चुकून डोळ्याले लागला हात तर माणूस उभा नाचते. त्या वेळी आमची माय म्हणे, "चुणचुण करते बाप्पा."

आता मले सांगा, हुशार पोट्ट्याले आपण काय म्हणतो? चुणचुणीत! मंग आपणही तेच केलं न, इंग्रजानं केलं ते?

निवृत्त मास्तर

मिरचीवाले, नमस्कार घ्या. इतकी वर्षं इंग्रजी शिकवलं, पण हे जोडून कुणी दाखवलं नव्हतं. चुणचुण म्हणजे अंगाला टोचणारी बारीक आग, आणि चुणचुणीत म्हणजे तरतरीत, चपळ, चलाख. वाट अगदी तीच.

आणि आपल्याकडं हे एकाच शब्दात झालं असंही नाही. झणझणीत रस्सा आणि झणझणीत उत्तर. खरमरीत पत्र. तिखट मिरची आणि तिखट पोरगी. जिभेला जे झोंबतं तेच आपण स्वभावाला लावतो.

सावजीप्रेमी

रश्श्याचा विषय निघाला म्हणून आलो. सावजीचं मटण खाताना नाक, कान, डोळे तिन्ही एकदम 'स्मार्ट' होतात हे आज कळलं. बाकी चालू द्या.

धरमपेठची भाषाताई

मिरचीवाले दादांना शंभर गुण. पण डीटीपीवाले, कृपा करून बायोडेटात 'चुणचुणीत' छापू नका.

शब्दाचा अर्थ बरोबर असला तरी वय बरोबर पाहिजे. चुणचुणीत आपण कुणाला म्हणतो? बालवाडीत कविता म्हणून दाखवणाऱ्या मुलीला. फार तर नव्यानं लागलेल्या शिकाऊ पोराला. सत्तावीस वर्षांची मुलगी, बँकेत अधिकारी, तिला चुणचुणीत म्हटलं तर गालगुच्चा घेतल्यासारखं वाटतं. 'तरतरीत' थोडं मोठं आहे, पण ते चेहऱ्यापुरतं. 'चलाख' म्हटलं की हिशेबात घोळ करेल अशी शंका येते. 'चतुर' गोष्टीतल्या कोल्ह्याला जातं. 'रुबाबदार' छान आहे, पण ते मुलालाच लावतात. 'देखणा' आणि 'हुशार' वेगवेगळे लिहिले तर अर्थ पूर्ण येतो, पण मग काका म्हणणार, दोन शब्द कशाला.

खरं तर स्मार्ट आपल्याकडं एवढा रुजला त्याला व्याकरणाचंही कारण आहे. चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं पोर, असं मराठी विशेषण बदलत जातं. हुशार, सुंदर, चतुर हे बदलत नाहीत. स्मार्ट नेमका या दुसऱ्या रांगेत येऊन बसला. स्मार्ट मुलगा, स्मार्ट मुलगी, स्मार्ट पोट्टं. कुठंच अडत नाही. जे इंग्रजी विशेषण मराठी वाक्यात न अडता बसतं ते टिकतं.

आणखी एक गंमत. त्यापासून आपण दोन नामं केली आणि त्यांना दोन कामं वाटून दिली. 'त्याचा स्मार्टनेस पाहून साहेब खूश झाले', ही स्तुती. 'माझ्यासमोर स्मार्टपणा करू नकोस', ही तंबी. इंग्रजी शेपटी लावली की गुण, मराठी शेपटी लावली की दोष! आपल्या 'शहाणपण' आणि 'शहाणपणा' यांतही हेच आहे. शहाणपण आजीकडं असतं, शहाणपणा नातवाचा काढला जातो.

सीताबर्डी लोकल

आमच्या चौकात त्याले 'शानपणा' म्हणते ताई. "ज्यादा शानपणा नको करू" म्हटलं की समजून जायचं, पुढचं वाक्य चपलीचं आहे.

महालातला डीटीपीवाला

ताई, मग 'ओव्हरस्मार्ट'चं काय? तो तर रोज ऐकतो. इंग्लंडमध्ये चालते का तो?

धरमपेठची भाषाताई

'ओव्हरस्मार्ट' हा भारतीय इंग्रजीचा लाडका शब्द आहे. इंग्लंड-अमेरिकेत तो असा सर्रास कुणी वापरत नाही. तिथं त्यासाठी वेगळे शब्द आहेत. अमेरिकेत 'स्मार्ट अ‍ॅलेक', लहान मुलाला 'स्मार्टी पँट्स', आणि आई रागावली की 'डोंट गेट स्मार्ट विथ मी'. या शेवटच्या वाक्यात बुद्धीचा काही संबंध नाही. उलट उत्तर देऊ नकोस, एवढंच. म्हणजे अमेरिकेतसुद्धा जिभेचा जुना अर्थ मेलेला नाही, आईच्या तोंडी शिल्लक आहे.

पण ब्रिटिशांचा एक वाक्प्रचार मला फार आवडतो: 'टू क्लेव्हर बाय हाफ'. शब्दशः पाहिलं तर अर्ध्यानं जास्त हुशार. एक अधिक अर्धा किती झाले? दीड. म्हणजे आपला दीडशहाणा! दोन भाषांनी एकमेकींना न विचारता माप सारखंच काढलं. पाव जास्त नाही, दुप्पट नाही, बरोबर अर्धा जास्त.

निवृत्त मास्तर

वा ताई. सव्वाशहाणा कुणी नाही हे खरंच विचार करण्यासारखं आहे.

कामठी छावणी

जय हिंद. सुभेदार म्हणून निवृत्त, कामठीतच स्थायिक.

नागरी लोक स्मार्ट शब्दाचा चुराडा करतात, फौजेत तो अजून शाबूत आहे. इथं 'ब्रिगेड ऑफ द गार्ड्स' या पायदळाच्या रेजिमेंटचं सेंटर आहे आणि एनसीसीची ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीही. परेड ग्राउंडवर स्मार्ट म्हणजे दिसणं आणि चपळाई एकदम. पितळी बक्कल ब्रासोनं घासलेलं, बुटाच्या टोकात उस्तादाचा चेहरा दिसला पाहिजे, बाहीची घडी अशी की बोट फिरवलं तर कडा लागली पाहिजे. हे झालं टर्नआउट. पण त्यावर भागत नाही. 'सावधान' म्हटल्यावर टाच उशिरा आली तर सगळी इस्त्री पाण्यात. पूर्ण फलटणीचा एकच आवाज आला पाहिजे, फटाक्कन. दोन आवाज आले की ढिली परेड.

मास्तर म्हणाले ना, झटका आणि कपडे. आमच्याकडं ते वेगळे झालेच नाहीत. बुद्धी? तिचं मूल्यमापन परेड ग्राउंडवर होत नाही.

उपसंपादक, रात्रपाळी

सुभेदारसाहेब, चपळाईचा अर्थ अजून दोन ठिकाणी तग धरून आहे.

एक, शेअर बाजार. इंग्रजी एजन्सीची कॉपी येते, 'सेन्सेक्स रिबाउंड्स स्मार्टली' किंवा 'स्मार्ट रिकव्हरी इन बँकिंग स्टॉक्स'. नवीन मुलं त्याचं 'बँकिंग समभागांची हुशार वसुली' करून ठेवतात. अहो, बाजारानं कसली हुशारी केली? झपाट्यानं सावरला, एवढंच. 'वसुली' तर त्याहून भयंकर, वाचकाला वाटेल बँकेची माणसं दारात आली.

दोन, क्रिकेट. जामठ्याच्या स्टेडियमवर सामना असला की आम्ही कॉमेंट्री लावून बसतो. 'स्मार्ट स्टंपिंग' म्हणजे यष्टिरक्षकानं विजेसारखी बेल उडवली. 'स्मार्ट सिंगल' म्हणजे मात्र थोडी चपळाई, थोडं डोकं. क्षेत्ररक्षकाचा डावा हात कमजोर आहे हे ओळखून चोरलेली धाव. तिथं दोन्ही अर्थ एकत्र पळतात, दोन फलंदाजांसारखे.

गुंतवणूकदार, रामदासपेठ

बाजाराचा विषय आला म्हणून: 'स्मार्ट मनी' म्हणजे जाणकारांचा पैसा. मोठे गुंतवणूकदार कुठं पैसा लावताहेत ते बघा आणि त्यांच्या मागं जा, असं सगळे सल्लागार सांगतात.

निवृत्त मास्तर

साहेब, 'स्मार्ट मनी'चा पहिला अर्थ ऐकून घ्या. इंग्लंडात सैनिक किंवा खलाशी लढाईत जखमी झाला की त्याला जी भरपाई मिळे, तिला 'स्मार्ट मनी' म्हणत. स्मार्ट म्हणजे वेदना, तिचे पैसे. बाजारात पडझड झाली की दोन्ही अर्थ पुन्हा भेटतात, फक्त भरपाई कुणी देत नाही.

मिहानची कोडर

सगळे काका लोक कपडे आणि मिरचीवरच आहेत. आमच्या पिढीचा स्मार्ट राहून गेला की! फोन, टीव्ही, घड्याळ, मीटर.

यंत्राला स्मार्ट म्हणायची सुरुवात फोननं झाली नाही. व्हिएतनाम युद्धाच्या काळात लेसरनं नेम धरून लक्ष्यावर जाणारे बॉम्ब आले, त्यांना 'स्मार्ट बॉम्ब' म्हणू लागले. म्हणजे इथंही सुरुवात झोंबण्यातूनच, आणि तेही केवढ्या. १९७४ मध्ये रोलां मोरेनो या फ्रेंच माणसानं चिप बसवलेल्या कार्डाचं पेटंट घेतलं. इंग्रजीत ते झालं 'स्मार्ट कार्ड'. फ्रेंच लोक त्याला हुशार वगैरे म्हणत नाहीत, त्यांच्याकडं चिपला 'प्यूस' म्हणतात, म्हणजे पिसू. पिसूवालं कार्ड! आपल्या मेट्रोचं महाकार्ड खिशात असलं की मला हेच आठवतं. १९९४ मध्ये आयबीएमचा 'सायमन' आला, टचस्क्रीनचा, त्यावर ईमेल आणि फॅक्सही जायचा. आज त्याला पहिला स्मार्टफोन म्हणतात, पण तेव्हा त्याच्या डब्यावर तो शब्द नव्हता.

ऑफिसात 'स्मार्ट गोल्स' असतात ते वेगळंच. जॉर्ज डोरान यांच्या १९८१ च्या लेखातली पाच इंग्रजी आद्याक्षरं आहेत ती. वर्षातून एकदा एचआरला भरून देतो, नंतर कुणी बघत नाही.

तर यंत्राच्या बाबतीत माझं मत: स्मार्ट म्हणजे हुशार नाहीच. जुना मीटरसुद्धा युनिट बरोबर मोजायचा. स्मार्ट मीटर काय वेगळं करतो? मोजलेलं तिकडं कंपनीला आपणहून कळवतो, आणि तिकडून आलेला हुकूम ऐकतो. घरात काय चाललं आहे ते बाहेर सांगणारा. याला मराठीत शब्द आहे.

सीताबर्डी लोकल

चुगलीखोर.

मिहानची कोडर

अगदी! चुगलीखोर मीटर, चुगलीखोर टीव्ही, चुगलीखोर घड्याळ. दाखवा यातलं एक तरी चुकीचं.

उपसंपादक, रात्रपाळी

२०२४ मध्ये नागपुरात स्मार्ट प्रीपेड मीटरविरुद्ध आंदोलनं झाली, त्या बातम्या लावताना माझ्या लक्षात आलं की घोषणांमध्ये 'स्मार्ट' हा शब्द शिवीसारखा उच्चारला जात होता. 'स्मार्ट'वर जोर, 'मीटर' खाली. मावशींनी खोडला तो हाच सूर असावा.

आणि स्मार्ट सिटी. केंद्राची योजना जून २०१५ ची, १०० शहरांची. नागपूर २०१६ च्या सप्टेंबरच्या यादीत आलं. पारडी, भरतवाडा, पुनापूर हा पूर्वेकडचा भाग निवडला. मार्च २०२५ ला योजनेची मुदत संपली. या धाग्यासाठी कामाची गोष्ट अशी की योजनेच्या सरकारी मार्गदर्शिकेतच सुरुवातीला म्हटलं आहे की स्मार्ट सिटीची सर्वमान्य व्याख्या नाही, प्रत्येकासाठी तिचा अर्थ वेगळा. डीटीपीवाले, तुमच्या काकांनी हेच म्हटलं होतं, कमी शब्दांत.

पारडीकर

आम्ही त्याच भागातले. इकडं स्मार्ट म्हणजे डीपी रस्ता, विकास आराखड्यातला. कोणाचं घर त्या रस्त्यात गेलं, कोणाच्या प्लॉटले भाव आला. ज्याचं गेलं त्याले मास्तरचा पहिला अर्थ चांगला समजते.

सावजीप्रेमी

विषय जड झाला म्हणून सांगतो. आमची आजी सातवी शिकलेली, कॅलेंडर बारकाईनं वाचते. एका महिन्यात दोन दिवस लागोपाठ एकादशी आली, एकावर 'स्मार्त एकादशी' आणि दुसऱ्यावर 'भागवत एकादशी' छापलेलं. नातसून म्हणाली, "आजी, स्मार्ट एकादशीला काय खायचं असतं?" आजीनं शांतपणे सांगितलं, "फोन सोडून काहीही."

धरमपेठची भाषाताई

आजींना दंडवत. त्या 'स्मार्त'चा आणि इंग्रजी 'स्मार्ट'चा काही संबंध नाही हं, नाहीतर उद्या कुणीतरी इंग्रजी शब्द आपल्याच स्मृतीतून गेला म्हणून फॉरवर्ड फिरवेल. 'स्मार्त' हा 'स्मृती'वरून आलेला, म्हणजे स्मृतिग्रंथ मानणारा.

सीताबर्डी लोकल

उशीर झाला ताई. फॅमिली ग्रुपवर टाकून बसलो.

महालातला डीटीपीवाला

खूप आभार मंडळी. काल पुन्हा एक बाई आल्या, मुलीसाठी. रकान्यात 'स्मार्ट'. या वेळी मी विचारलं, "ताई, तिचं काय चांगलं आहे ते सांगा, मी शब्द शोधतो." त्या थोडा वेळ विचार करत बसल्या. मग म्हणाल्या, तिच्या वडिलांच्या आजारपणात मेडिकल हॉस्पिटलच्या चकरा, कागदपत्रं, विम्याचं काम तिनं एकटीनं केलं, आणि कॉलेजही बुडवलं नाही. मी 'जबाबदार, धडाडीची' लिहिलं. ताईंनी दोनदा वाचून घेतलं आणि खाली फोन नंबर बदलायला सांगितला, बाकी काही खोडलं नाही.

मुलांच्या कागदावर मात्र स्मार्ट चालूच आहे. काका लोक ऐकत नाहीत.

धरमपेठची भाषाताई

'धडाडीची' उत्तम. कुठल्याही इंग्रजी शब्दाचा मराठी प्रतिशब्द शोधण्यापेक्षा माणसाला विचारलेलं बरं पडतं, हे आम्हा भाषांतरवाल्यांना उशिरा कळतं.

कळमन्याचा मिरचीवाला

माझा एक प्रश्न राहिला. भाचा पुण्याले नोकरीले आहे, त्याच्या साहेबाच्या पोरीचं रिसेप्शन वर्धा रोडच्या एका हॉटेलात आहे, मे महिन्यात. कार्डावर लिहून आलं 'ड्रेस कोड: स्मार्ट कॅज्युअल'. आम्हालेही बोलावलं. आता हा स्मार्ट कोणता? झोंबणारा, का चुगलीखोर?

कामठी छावणी

ब्रिटिश अर्थ. टाय नको, सूट नको, पण घरातल्यासारखंही नको. कॉलरचा शर्ट, साधी पँट, दोन्हींना इस्त्री. जीन्स असेल तर गडद आणि न फाटलेली. पायात बूट.

कळमन्याचा मिरचीवाला

मे महिन्यात बूट, सुभेदारसाहेब? पारा ४५ च्या वर असते. लुंगी-बनियन सोडून काही अंगाले सहन होत नाही.

मिहानची कोडर

काका, हॉटेलात एसी असतो. बाहेर गाडीतून उतरेपर्यंतच त्रास. फिकट रंगाचा सुती कुर्ता आणि त्याखाली पँट घाला. कुर्ता आमच्या ऑफिसच्या पार्ट्यांमध्ये स्मार्ट कॅज्युअलमध्ये बिनदिक्कत चालतो.

निवृत्त मास्तर

कुर्त्याला माझं अनुमोदन. पायात कोल्हापुरी चालेल, पण पॉलिश केलेली. आणि रुमाल बरोबर ठेवा.

कळमन्याचा मिरचीवाला

रुमाल तर ठेवाच लागते मास्तर, धंदाच तसा आहे. कुर्ता फिक्स. कोल्हापुरी इतवारीतून घेतो, भाव करून.